उपग्रहाच्या वाटेने पोहोचलेली मैफल : एल्विस प्रेस्ली, होनोलुलू, 1973

14 जानेवारी 1973 रोजी, मध्यरात्र उलटून अर्धा तास झाल्यावर, हवाई बेटांवरील होनोलुलू शहरात एल्विस प्रेस्ली या अमेरिकन गायकाची मैफल सुरू झाली. सभागृहात बसलेल्या श्रोत्यांसाठी ही वेळ सर्वस्वी अडचणीची होती, परंतु त्याच क्षणी जपानमध्ये संध्याकाळचे साडेसात वाजले होते आणि तेथील कुटुंबे दूरचित्रवाणी संचासमोर बसण्याची ती वेळ होती. ज्या शहरात गाणे व्हायचे तेथील घड्याळ बाजूला ठेवून हजारो किलोमीटर दूरच्या प्रेक्षकाच्या सोयीने मुहूर्त ठरवणारी ही योजना, एका गायकाची संपूर्ण मैफल उपग्रहाद्वारे परदेशात थेट दाखवण्याच्या आद्य प्रयोगांपैकी एक होती.

या योजनेमागे एक उणीव होती. 1950 च्या दशकाच्या मध्यापासून जगभर ख्याती मिळूनही प्रेस्लीने अमेरिकेबाहेर 1957 मध्ये कॅनडात केलेल्या मोजक्या कार्यक्रमांखेरीज कधीच जाहीर गायन केले नाही, आणि युरोप व जपानमधून आमंत्रणे येत असतानाही त्याचा जागतिक दौरा होऊ शकला नाही. त्याचे सर्व व्यवहार पाहणारा ‘कर्नल’ टॉम पार्कर हा मूळचा नेदरलँड्समधील ब्रेडा गावचा. अमेरिकेत तो रीतसर परवान्याशिवाय आला होता आणि त्याच्याजवळ पारपत्र नव्हते, म्हणून देशाची सीमा ओलांडण्याचा प्रसंग तो टाळत राहिला, असे बहुतेक चरित्रकार मानतात. फेब्रुवारी 1972 मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या चीनभेटीची दृश्ये उपग्रहामार्फत अमेरिकेत दिसली, तेव्हा पार्करला या अडचणीतून वाट सापडली : गायकाने देश सोडायचा नाही, त्याचे गाणे मात्र समुद्रापार जाईल.

उपग्रहाचे तंत्र त्या काळी नवे होते, परंतु अपरिचित नव्हते. विषुववृत्ताच्या वर सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवर ठेवलेला उपग्रह पृथ्वीच्याच गतीने फिरत असल्यामुळे जमिनीवरून तो एका जागी स्थिर भासतो, आणि त्यामुळे एका खंडावरून पाठवलेला संकेत झेलून तो दुसऱ्या खंडाकडे परतवू शकतो. ‘इंटेलसॅट’ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या पॅसिफिक महासागरावरील अशाच उपग्रहातून ही मैफल जपान, दक्षिण कोरिया, हाँगकाँग, फिलिपाईन्स, ऑस्ट्रेलिया इत्यादी प्रदेशांत पोहोचली. युरोपातील अनेक देशांनी ती नंतर दाखवली. भारत या जाळ्याबाहेर राहिला. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळच्या आर्वी येथे 1971 मध्येच भू-केंद्र, म्हणजे उपग्रहाशी संपर्क साधणारे जमिनीवरील केंद्र, सुरू झाले होते, परंतु त्याची तबकडी हिंदी महासागरावरील उपग्रहाकडे रोखलेली होती आणि त्याचा मुख्य उपयोग परदेशी दूरध्वनी व टेलेक्स यांसाठी होत असे. मुंबई दूरदर्शन तर 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले होते, आणि त्यापूर्वी देशात केवळ दिल्लीत दूरचित्रवाणी होती.

ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली म्हणजे या मैफलीशी कायमचा जोडला गेलेला आकडा किती तकलादू आहे हे उमगते. एक ते दीड अब्ज लोकांनी ती पाहिली, असे प्रसिद्धीपत्रकांत म्हटले गेले आणि पुढे अनेक ग्रंथांनी ते जसेच्या तसे उतरवून घेतले. जगाची लोकसंख्याच त्या वेळी चार अब्जांच्या आत होती. भारत हिशोबात नव्हता आणि चीनमध्ये दूरचित्रवाणी घराघरांत पोहोचलेली नव्हती, तेव्हा एवढा प्रेक्षकवर्ग येणार कोठून? जपानमध्ये नोंदलेले प्रेक्षकांचे 37.8 टक्के हे प्रमाण खरोखर विलक्षण होते, आणि इतिहासकाराने धरून ठेवावा असा पुरावा तोच आहे. फुगवलेल्या आकड्याने या मैफलीचे मोठेपण वाढले नाही. उलट, गाण्याकडे जाणारे लक्ष त्याने अकारण मोजदादीकडे वळवले.

दिग्दर्शक मार्टी पासेटा याने रंगमंचाची रचना कॅमेऱ्याच्या दृष्टीने केली होती. त्याने मंच ठेंगणा ठेवून त्याला श्रोत्यांमध्ये घुसणारी अरुंद वाट जोडली, जेणेकरून गायक लोकांच्या हाताच्या अंतरावर येईल. मागे आरसे आणि निरनिराळ्या भाषांतील गायकाच्या नावाच्या दिव्यांच्या पाट्या होत्या. बिल बेलू याने आरेखन केलेल्या पांढऱ्या पोशाखावर खड्यांनी अमेरिकेचे राष्ट्रचिन्ह असलेला गरुड काढला होता, कारण परदेशी प्रेक्षकाला पाहताक्षणी देश ओळखू यावा अशी प्रेस्लीचीच इच्छा होती. अखेरीस त्याने त्या पोशाखाचा झगा श्रोत्यांमध्ये भिरकावला.

परंतु या मैफलीचे खरे बळ तिच्या संगीतात आहे. गिटारवादक जेम्स बर्टन व ड्रमवादक रॉनी टट यांचा छोटा वाद्यमेळ, जो ग्वेर्चिओ याच्या नेतृत्वाखालचा मोठा वाद्यवृंद, जे. डी. सम्नर यांचा श्वेतवर्णीय भक्तिगायकांचा चमू आणि ‘स्वीट इन्स्पिरेशन्स’ हा कृष्णवर्णीय गायिकांचा चमू, असे चार वेगळे प्रवाह एका कंठाभोवती गोळा झाले होते. ‘ॲन अमेरिकन ट्रिलॉजी’ ही रचना त्या दृष्टीने या मैफलीचा कळस ठरते : मिकी न्यूबरी याने दक्षिणेकडील राज्यांचे गीत, यादवी युद्धातील उत्तरेचे स्फूर्तिगीत आणि कृष्णवर्णीयांच्या परंपरेतील एक अंगाईसदृश आध्यात्मिक गीत एकत्र गुंफले होते, आणि एकमेकांविरुद्ध लढलेल्यांची ही गाणी अडतीस वर्षांच्या त्या गायकाने एकाच दमदार स्वरात सामावून घेतली. चूक झाली तर ती जपानपर्यंत पोहोचणार, या जाणिवेचा ताण सुरुवातीच्या गाण्यांत जाणवतो आणि हळूहळू ओसरतो.

प्रवेशासाठी ठरावीक तिकीट नव्हते. ऐपतीप्रमाणे देणगी द्यायची होती. 1966 मध्ये कर्करोगाने अकाली निधन पावलेला हवाईचा गीतकार कुई ली याच्या नावाच्या कर्करोग-निधीसाठी 25,000 डॉलरचे उद्दिष्ट होते आणि जमले 75,000. त्याच कुई लीचे ‘आय विल रिमेंबर यू’ प्रेस्लीने त्या रात्री गायले, त्यामुळे पाहुण्या गायकाने त्या बेटांचे स्वतःचे संगीतही सन्मानाने मांडले.

विशेष म्हणजे अमेरिकन प्रेक्षकांना ही मैफल त्या दिवशी दिसलीच नाही. त्याच दिवशी ‘सुपर बोल’ हा अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना होता आणि प्रेस्लीच्या दौऱ्यावरील माहितीपट चित्रपटगृहांत चालू होता, म्हणून एनबीसी वाहिनीने ती 4 एप्रिल 1973 रोजी, मैफलीनंतर रिकाम्या सभागृहात मुद्रित केलेल्या काही गाण्यांची भर घालून दाखवली. तोवर तिच्या ध्वनिमुद्रिकांचा जोडसंच चार ध्वनिवर्धकांतून ऐकण्याच्या ‘क्वाड्राफोनिक’ पद्धतीत निघाला होता. मे महिन्यात तो अमेरिकेच्या विक्रीयादीत अग्रस्थानी पोहोचला, आणि 16 ऑगस्ट 1977 रोजी झालेल्या मृत्यूपर्यंत प्रेस्लीच्या दुसऱ्या कोणत्याही संचाला ते स्थान लाभले नाही.

प्रक्षेपणात बिघाड झाल्यास हाताशी असावे म्हणून 12 जानेवारीला, त्याच सभागृहात, भरल्या श्रोत्यांसमोर झालेली रंगीत तालीमही मुद्रित केलेली होती. तिचे ध्वनिमुद्रण 1988 मध्ये स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाले, 2004 मध्ये दोन्ही रात्रींची चित्रफीत संपूर्ण स्वरूपात उपलब्ध झाली, आणि तेव्हापासून कोणती रात्र सरस यावर रसिकांचा वाद चालू आहे. तालमीतला आवाज अधिक मोकळा आहे, हे मान्य करावे लागते. ‘ट्रिलॉजी’च्या अखेरच्या उंच स्वरासाठी मात्र 14 तारखेकडेच वळावे.