गुंतलेले कण आणि निरोपांची बचत

क्वांटम एंटँगलमेंट, म्हणजे दूरस्थ कणांच्या अवस्था परस्परांत गुंतलेल्या असणे, ही कल्पना १९३५ मध्ये आइन्स्टाइन, पोडोल्स्की व रोझेन यांनी मांडली ती क्वांटम सिद्धान्तावरील आक्षेप म्हणून. एका कणाचे मापन केले की दुसऱ्याविषयी भाकीत करता येते. मग याच मार्गाने प्रकाशाहून वेगवान निरोप का धाडू नये? निक हर्बर्ट यांनी १९८२ मध्ये तशी योजनाच प्रसिद्ध केली. तिच्यातील दोष शोधताना वूटर्स व झुरेक यांनी, आणि स्वतंत्रपणे डीक्स यांनी, अज्ञात क्वांटम अवस्थेची हुबेहूब प्रत काढणे अशक्य असल्याचे त्याच वर्षी सिद्ध केले. चुकीच्या लेखाचे इतके सकस फळ विरळाच.

केवळ एंटँगलमेंटने एक बिटही पाठवता येत नाही, हे मान्य झाल्यावर विषय संपावयास हवा होता. तथापि संगणकशास्त्रात अँड्र्यू याओ यांनी १९७९ मध्येच निराळा प्रश्न उपस्थित केला होता : माहिती दोघांत विभागलेली असताना सामायिक उत्तरासाठी किमान किती बिटांची देवाणघेवाण अटळ आहे?

या दोन धाग्यांची गाठ १९९७ मध्ये रिचर्ड क्लीव्ह व हॅरी बुर्मन यांनी घातली. माहिती तिघांत वाटलेली असता एका विशिष्ट फलनाचे मूल्य त्यांपैकी एकास कळण्यासाठी एरवी तीन बिट लागतात. गुंतलेले कण आधीच वाटून घेतले असतील तर दोन पुरतात. बचत अवघ्या एका बिटाची, परंतु तत्त्वतः क्रांतिकारक. कण येथे निरोप्याचे काम करीत नाहीत. मापनांची उत्तरे आपसांत अशी जुळतात की काही सांगण्याची गरजच उरत नाही. लोकप्रिय लेखनात हा भेद बहुधा हरवतो.

१९९८ मध्ये बुर्मन, क्लीव्ह व विग्डरसन यांनी भेटीचा दिवस ठरविण्याचा प्रश्न घेतला. दोघांच्या रोजनिशीत n दिवस आहेत. दोघेही मोकळे असतील असा दिवस हवा. एरवी n च्या प्रमाणात बिट लागतात. क्वांटम पद्धतीत, लॉगरिदमचा घटक वगळता, n च्या वर्गमूळाइतके क्यूबिट पुरतात. १९९३ च्या टेलिपोर्टेशनच्या शोधामुळे प्रत्येक क्यूबिटाच्या जागी एक गुंतलेली जोडी व दोन साधे बिट वापरता येत असल्याने हा लाभ एंटँगलमेंटच्या खात्यावरही जमा होतो. रान राझ यांनी १९९९ मध्ये काही प्रश्नांत घातांकी बचत दाखविली. भेटीच्या प्रश्नात मात्र वर्गमूळाच्या खाली जाता येत नाही, हे राझबोरोव्ह यांनी २००३ मध्ये सिद्ध केले.