अडलेला मार्ग : एका शस्त्रक्रियेचा इतिहास

मूल झालें नाहीं कीं दोष सुनेचा, हा न्याय आपल्या समाजांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. व्रतें तिनें करावीं, उपास तिनें काढावे आणि अखेर सवतही तिच्याच डोळ्यांदेखत घरांत यावी! पतीच्या देहांत जन्मतःच कांहीं उणें असूं शकेल, ही शंका क्वचितच कोणी बोलून दाखवी. अशाच एका उणिवेचा व तिच्यावरील उपायाचा हा इतिहास आहे.

गर्भावस्थेंत मुलाचे वृषण उदरांत तयार होतात आणि जन्मापूर्वीं जांघेंतून खालीं कोशांत उतरतात. ज्या बंधाच्या आधारें हा प्रवास होतो, त्याला लंडनचा शल्यवैद्य जॉन हंटर यानें इ. स. १७६२ मध्यें ‘गुबर्नाक्युलम’, म्हणजे सुकाणूं, असें नांव दिलें. पूर्ण दिवसांच्या शंभर मुलांपैकीं सुमारें तिघांत जन्मसमयीं हा प्रवास अपुरा असतो; त्यांतील पुष्कळांत तो पुढें आपोआप पुरा होतो. वृषण मुळांतच सदोष असल्यामुळें उतरत नाहीं, असें हंटरचें मत होतें. तें सर्वस्वीं खरें असतें, तर उपायाला जागाच उरली नसती.

लिस्टरची जंतुनाशक पद्धति हातीं आल्यावर एडिंबरोच्या थॉमस अॅनंडेल यानें १८७७ मध्यें एका तीन वर्षांच्या मुलाचा भलत्या जागीं गेलेला वृषण कोशांत आणून टांक्यानें स्थिर केला. १८९९ मध्यें शिकागोच्या आर्थर बेव्हन यानें वृषणाच्या रज्जूभोंवतालचीं बंधनें सोडवून ती लांबविण्याची रीत मांडली. परंतु घाई कां करावी, याचें उत्तर १९२० नंतर मिळालें. शिकागो विद्यापीठांतील कार्ल मूर यानें निरोगी जनावरांचे वृषण उदरांत परत ढकलून पाहिले. तेव्हां शुक्रबीजांची निर्मिति थांबली. कोश शरीराहून दोन ते चार अंश थंड असतो. उदरांतील उष्णता बीजास मारक ठरते.

म्हणूनच आज ही शस्त्रक्रिया सहा ते अठरा महिन्यांच्या वयांत करतात. दोष एकाच बाजूस असल्यास बहुतेकांना पुढें पितृत्व लाभतें. दोन्ही बाजूंस असल्यास वेळेवर केलेली शस्त्रक्रियाही हमी देत नाहीं. हंटरच्या मतांत तेवढें तथ्य होतें.

बाळाला न्हाऊं घालणाऱ्या हातांना कोश रिकामा लागला, तर ती गोष्ट लाजेनें झांकण्याची नव्हे, वैद्याला सांगण्याची आहे. त्या मौनाची किंमत वीस-पंचवीस वर्षांनीं त्या मुलाला मोजावी लागते, आणि बोल मात्र परक्या घरून आलेल्या एखाद्या निर्दोष मुलीला लागतो.