शेजाऱ्याचे झाड आणि दारची मोटार

शेजाऱ्याच्या झाडावरून होणारी भांडणे फार जुनी. मोटारीवरून होणारी त्या मानाने कालपरवाची. ही दोन भांडणे आपल्या शहरांत एकमेकांत मिसळली, त्याला फार काळ लोटलेला नाही. वैशाखात वळवाचा वारा सुटतो, शेजारच्या आवारातला गुलमोहर उन्मळतो, कुंपणाबाहेर उभ्या असलेल्या मोटारीचा टप चेपतो, आणि कालपर्यंत एकमेकांकडे विरजण मागणारी दोन घरे वकिलाचा पत्ता शोधू लागतात. झाड ज्याचे, भरपाई त्याची, असे एक घर म्हणते. देवाच्या वाऱ्यापुढे आमचे काय चालणार, असे दुसरे म्हणते. दोघेही मनापासून बोलतात. पण दोघांचेही म्हणणे अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे कोठे आहे, हे इतिहासाच्या आधाराने पाहावे, एवढाच आमचा हेतू.

प्रथम आपल्या धर्मशास्त्राकडे वळू. झाडाचा विचार तेथे मुख्यतः सीमेच्या आणि फळाच्या संबंधात आलेला दिसतो. गावाची सीमा ठरविताना वड, पिंपळ, पळस, सावरी अशी दीर्घायुषी झाडे लावावीत, असे मनुस्मृती सांगते. दोन शेतांच्या बांधावर उगवलेल्या झाडाची फळे दोघांची. परंतु एकाच्या शेतातील झाडाच्या फांद्या दुसऱ्याच्या शेतावर गेल्या, तरी फळ ज्याच्या भूमीत झाड उगवले त्याचेच, असा नारदाचा निवाडा आहे. याज्ञवल्क्याने तर उपयोगी झाडाची फांदी तोडणाऱ्यास २० पण, खोड तोडणाऱ्यास ४० आणि सबंध झाड तोडणाऱ्यास ८० पण दंड सांगितला. देवस्थानाजवळचे वा सीमेवरचे झाड असल्यास दंड दुप्पट. म्हणजे झाड ही राखावयाची संपत्ती होती. झाडापासून माणसाला राखावयाचे आहे, हा विचार तेथे गौण होता. मात्र गाडीच्या अपघातासंबंधी मनूने केलेला एक भेद येथे उपयोगी पडतो. वेसण तुटली, जू मोडले, आस तुटला, अशा कारणांनी अपघात झाला तर दंड नाही; गाडीवानाच्या अकौशल्यामुळे झाला तर आहे. दैव आणि हयगय यांच्यामधली ही रेषा आपल्याकडे इतकी जुनी आहे.

मराठेशाहीतही तीच दृष्टी दिसते. आरमारासाठी लाकूड हवे असले, तरी रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये, ही झाडे लोकांनी लेकरांसारखी वाढविलेली असतात. एखादे झाड अगदी जीर्ण होऊन कामातून गेले असेल, तर धन्याला राजी करून, मोल देऊन मगच तोडावे, बळजोरी करू नये, अशा अर्थाची ताकीद रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आहे. जीर्ण झाडाचा निराळा विचार करावा, ही गोष्ट त्यांच्याही नजरेतून सुटली नव्हती.

इंग्रजी अंमलाबरोबर इंग्रजी न्यायतत्त्वे येथील न्यायालयांत आली. फांद्यांचा प्रश्न तिकडेही होताच. आपल्या जागेवर झुकलेल्या शेजाऱ्याच्या फांद्या, त्याच्या जागेत पाऊल न टाकता, पूर्वसूचनेवाचून तोडता येतात, असा निर्णय १८९४ मध्ये तेथील उमरावांच्या सभेने दिला. पण तोडलेल्या फांदीवरची सफरचंदे कोणाची? १९१९ मध्ये तेथील न्यायालय म्हणाले, झाडाच्या मालकाची. नारदाचा निवाडा इतक्या शतकांनी, दुसऱ्या देशात, त्याची वार्ताही नसताना पुन्हा निघाला, हे पाहून मौज वाटते.

पुढे रस्त्यावर मोटारी आल्या आणि प्रश्नाचे रूप पालटले. १९२६ च्या एका खटल्यात बीच वृक्षाची फांदी रस्त्याने जाणाऱ्या मोटारगाडीवर कोसळली होती. फांदीतली चीर बाहेरून दिसण्याजोगी नव्हती, म्हणून मालक सुटला. १९५० मध्ये असाच एक खटला उमरावांच्या सभेपुढे गेला. सुमारे १३० वर्षांचा एल्म वृक्ष मोटारीवर पडला होता. मुळे रोगाने पोखरलेली, वरून मात्र काही कळण्याजोगे नव्हते. तेथेही मालक जबाबदार ठरला नाही. या दोन निकालांवरून कोणी असा अर्थ काढील, की झाडाच्या मालकाला कशाचीच चिंता नको. तो अर्थ चुकीचा होय. न्यायाधीशांनी विचारलेला प्रश्न 'झाड कोणाचे?' एवढाच नव्हता. 'धोका मालकाला माहीत होता काय, किंवा सामान्य शहाण्या माणसाला तो दिसला असता काय?' हा खरा प्रश्न होता. खोड पोकळ झालेले आहे, बुंध्याशी अळंबी उगवली आहेत, झाड दरवर्षी थोडे अधिक झुकते आहे, आणि शेजाऱ्याने लेखी कळविलेलेही आहे. अशा मालकाला वरील निकालांचा आधार मिळावयाचा नाही.

'देवाची करणी' हा बचावही मर्यादित आहे. ऑस्ट्रेलियात एका उंच झाडावर वीज पडून ते पेटले. मालकाने ते पाडले, पण आग पाण्याने न विझविता आपोआप विझेल म्हणून तशीच ठेवली. वारा सुटला आणि शेजाऱ्यांची मालमत्ता जळाली. १९६६ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने मालकाला जबाबदार धरले. वीज देवाची खरी. पण वीज पडून गेल्यावर धोका ओळखून आपल्या ऐपतीप्रमाणे तो आवरणे हे माणसाचे काम.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाचे दोन निर्णय येथे शेजारी शेजारी ठेवून पाहण्याजोगे आहेत. दिल्लीच्या चांदणी चौकातील घड्याळाचा मनोरा १९५१ मध्ये कोसळून माणसे दगावली. मनोरा सुमारे ८० वर्षांचा, आणि त्याच्या चुन्याचे आयुष्य ४०-४५ वर्षांचे. १९६६ मध्ये न्यायालयाने नगरपालिकेला दोषी धरले. रस्त्यालगतच्या बांधकामातला दोष दिसत नव्हता, ही सबब ऐकून घेतली नाही. याउलट राजकोटमध्ये १९७५ साली रस्त्याकडेचे झाड अंगावर पडून एक वाटसरू मरण पावला. खालच्या न्यायालयांनी त्याच्या कुटुंबाला भरपाई दिली. पण १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नगरपालिकेला जबाबदारीतून मुक्त केले. लोकांच्या हितासाठी लावलेल्या प्रत्येक झाडाची सतत तपासणी करीत राहण्याचा बोजा तिच्यावर टाकता येणार नाही, असा त्या निर्णयाचा रोख होता. मनोरा माणसाने रचलेला, झाड निसर्गाने वाढविलेले. न्याय दोघांना एकाच मापाने मोजीत नाही. ज्या घरातला कर्ता माणूस गेला, त्या घराला हा भेद किती जड गेला असेल, हे मात्र निकालपत्रात मावत नाही.

महाराष्ट्रात याला आणखी एक पदर आहे. १९७५ च्या नागरी क्षेत्रातील वृक्षसंरक्षण कायद्याने, झाड आपल्या मालकीचे असले तरी ते परवानगीवाचून तोडता येत नाही. झाडाला इजा करणे हेही तोडण्यातच मोडते. त्यामुळे झुकलेली फांदी छाटण्याचा जुना हक्क आता वृक्ष अधिकाऱ्याच्या दारातून जातो. झाड मेलेले, रोगट वा जीविताला धोकादायक असेल, तर परवानगी मिळण्याची सोय त्याच कायद्यात आहे. सबब मालकाने अर्ज करणे हाच त्याच्या सावधपणाचा पुरावा ठरतो, आणि अर्ज न करणे हा हयगयीचा.

आता विम्याकडे येऊ. इंग्रजांच्या कंपन्या येथे आधीपासून होत्या; आगीचा व सागरी विमा हिंदी भांडवलावर उतरविणारी कंपनी मुंबईत १९०७ मध्ये निघाली, आणि १९१९ मध्ये सर दोराबजी टाटांनी न्यू इंडिया स्थापन केली. १९३९ च्या मोटार कायद्याने तिऱ्हाइताच्या इजेचा विमा सक्तीचा ठरविला. तो भाग प्रत्यक्ष अंमलात आला १९४६ मध्ये. १९७३ च्या आरंभी हा धंदा सरकारी झाला व शंभरावर कंपन्यांच्या चार झाल्या. २००० नंतर खाजगी कंपन्या पुन्हा आल्या. या इतिहासातील एक गोष्ट प्रत्येक मोटारमालकाने ध्यानी ठेवावी. सक्तीचा विमा आहे तो आपल्या मोटारीने दुसऱ्याचे केलेले नुकसान भरून देण्यासाठी. झाड पडून आपल्या मोटारीचे झालेले नुकसान त्यात येत नाही. त्यासाठी स्वतःच्या नुकसानीचा ऐच्छिक विमा हवा. वादळ आणि बाहेरून आलेला अपघाती आघात हे दोन्ही त्यात मोडतात.

तो विमा असला, तर कंपनी शेजाऱ्याचा दोष सिद्ध होण्याची वाट पाहत नाही. तथापि सगळे काही भरूनही देत नाही. रबर व प्लास्टिकच्या भागांची नेहमीच्या विम्यात निम्मी किंमत कापली जाते, पत्र्याची मोटारीच्या वयाप्रमाणे; आणि मागणी न केल्याबद्दल मिळणारी, २० पासून ५० टक्क्यांपर्यंत चढत जाणारी सवलत बुडते. शिवाय पैसे दिल्यावर कंपनी विमेदाराच्या जागी उभी राहते, आणि शेजाऱ्याची हयगय असेल तर त्याच्याकडून वसुली करू शकते. म्हणून कंपनीला न विचारता शेजाऱ्याला 'आमची काही मागणी नाही' असे लिहून देणे शहाणपणाचे नव्हे. आणि एकाच नुकसानीचे पैसे दोन्हीकडून घेणे न्यायाचे नव्हे.

नाशिककरांना या साऱ्याचे मर्म अधिक जवळचे आहे. पाच वडांवरून जिचे नाव पडले, ती पंचवटी आपल्याच गावात आहे. जुन्या गावात वाडे होते, बोळ होते, झाडाखाली पार होता; झाडाखाली माणसे बसत. पुढे बंगल्यांच्या वसाहती वाढल्या, बंगल्यांच्या जागी इमारती आल्या, आणि झाडाखाली मोटारी उभ्या राहू लागल्या. मूळचा मादागास्करचा गुलमोहर सावलीसाठी दारोदार लागला. त्याचे लाकूड ठिसूळ आणि मुळे उथळ. त्यात बुंध्यापर्यंत फरशी वा काँक्रीट घातले, की मुळांना धरावयास जागा राहत नाही. मग झाड पडते, आणि आपण वाऱ्याला नावे ठेवतो.

यातून दोन टोकांची भीती आम्हांस वाटते. एक, भरपाईच्या धास्तीने लोक निरोगी झाडेही पाडावयास निघतील. दुसरी, विमा आहे म्हणून कोणीच झाडाकडे पाहणार नाही. पैसे विमा देईल. मोटारीत बसलेले मूल तो परत देणार नाही. नारदाने फळ झाडाच्या धन्याला दिले. ज्याला फळ, त्याला काळजीही, एवढी भर आधुनिक न्यायाने घातली. चैत्रात झाड एकदा डोळे उघडून पाहावे. संशय आला तर शेजाऱ्याने गोड शब्दांत पण लेखी कळवावे, मालकाने अर्ज करावा, आणि छाटणीच्या खर्चात जमेल तर दोघांनी वाटा उचलावा. हा खर्च वकिलाच्या फीपेक्षा पुष्कळ कमी असतो. आणि विरजणाची देवाणघेवाणही चालू राहते.