आकाशातील साक्षीदार

किन्हवलीच्या परिसरातील वनांचा इतिहास लिहावयाचा, तर तो वनांवर नजर ठेवणाऱ्यांचाही इतिहास होतो. १८४७ साली मुंबई इलाख्यात डॉ. अलेक्झांडर गिब्सन वनसंरक्षक झाले. १८७८ च्या कायद्याने राखीव वनांची बंधने आवळली. राबासाठी फांद्या तोडणारा शेतकरी गुन्हेगार ठरू लागला, आणि ठाणे-कुलाब्यात असंतोष इतका वाढला की १८८५ साली सरकारला वन-आयोग नेमावा लागला. तोवर जंगलाची साक्ष दप्तर, नकाशा आणि रखवालदार यांच्याच हाती होती.

१९७२ साली साक्षीदार आकाशात गेला. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहाच्या चित्रांवरून हैदराबादच्या राष्ट्रीय दूरसंवेदन संस्थेने हिशेब मांडला: देशाच्या भूमीपैकी वनाच्छादन १९७२-७५ मध्ये १६.८९ टक्के होते, ते १९८०-८२ मध्ये १४.१० टक्के उरले. दप्तरातले जंगल याहून पुष्कळच मोठे होते. कागदावरचे वन निराळे आणि उभे वन निराळे, हे आकड्यांनीच उघड केले. १९८७ पासून डेहराडूनचे भारतीय वन सर्वेक्षण साधारणतः दर दोन वर्षांनी असा अहवाल काढीत आले आहे.

परंतु ही दृष्टी निर्दोष मानू नये. पहिल्या लँडसॅटचा एक ठिपका सुमारे दीड एकराचा. १९९५ च्या आपल्या आयआरएस-१सी उपग्रहाच्या एका कॅमेऱ्याचा साडेपाच गुंठ्यांचा. हेक्टरभर जागेवर दहा टक्के छाया असली, की झाडाची जात व मालकी न पाहता ते वन. मग आमराई आणि ऐनाचे रान एकाच रकान्यात पडतात. शिवाय रान किती उरले याइतकेच ते किती तुकड्यांत उरले, हे महत्त्वाचे. लोहमार्ग, आग्रा रस्ता आणि २०२५ साली पुरा झालेला समृद्धी महामार्ग शहापूर तालुक्यातून गेले आहेत. रानातल्या जनावराला एकरांची बेरीज कळत नाही. त्याला वाट सलग लागते.

माणसाचेही तसेच. २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे १३ डिसेंबर २००५ पूर्वीची वहिवाट सिद्ध करावी लागते. मोहाच्या सावलीतली कातकऱ्याची वा ठाकराची नाचणीची पट्टी चित्रात रानच दिसते! म्हणून २०१२ च्या सुधारित नियमांनी उपग्रहचित्राला पूरक पुरावा मानले. इतर पुराव्यांची जागा त्याला दिली नाही. हा निवाडा आम्हांस उचित वाटतो. आकाशातील साक्षीदार खोटे बोलत नाही. परंतु त्याला सगळे दिसतेच असे नाही. गावातल्या वृद्धाची साक्ष त्याच्या शेजारी नोंदवली गेली, तरच इतिहास पुरा होतो.