पागेंची हमी आणि हमीबाहेरचे हात

मागेल त्याला काम देण्याची कायदेशीर हमी देशात सर्वप्रथम महाराष्ट्राने दिली. त्या हमीचे शिल्पकार वि. स. पागे १९६० ते १९७८ या काळात विधान परिषदेचे सभापती होते. १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातील विसापूर परिसरात त्यांनी या कल्पनेचा पहिला प्रयोग घडवून आणला. गरिबाला मदत नको, काम हवे आणि ते त्याचा हक्क म्हणून मिळावे, ही त्यांची भूमिका.

१९७२च्या दुष्काळाने हा विचार राज्यभर नेला. पर्जन्यछायेतल्या शिरूर-दौंडसारख्या तालुक्यांना रस्ते, पाझर तलाव, खडी फोडणे ही दुष्काळी कामे नवी नव्हती. नवा होता तो हक्क. १९७५च्या व्यवसाय करामुळे शहरातल्या पगारदाराचा पैसा खेड्यातल्या मजुरीकडे वळला. १९७७चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला.

मात्र हमी होती ती अकुशल अंगमेहनतीच्या कामाची, आणि मजुरी ठरे मापावर. पाय अधू असलेल्याला वा दृष्टिहीनाला कायद्याने मस्टरवरून वगळले नव्हते. वगळले ते खोदलेल्या मातीच्या मापाने. १९८० मध्ये अंतुले सरकारने संजय गांधी निराधार अनुदान योजना आणली. तिने अनेकांना आधार दिला, हे खरेच. पण धडधाकटाला हक्काचे काम आणि अपंगाला अनुदान, ही वाटणीही तिथेच पक्की झाली.

पुढे १९९५च्या केंद्रीय कायद्याने सरकारी नोकऱ्यांत अपंगांसाठी ३ टक्के जागा राखल्या, २०१६च्या कायद्याने त्या ४ टक्के केल्या. 'अपंग'चे 'दिव्यांग' झाले. खासगी उद्योगांबाबत मात्र दोन्ही कायदे एवढेच सांगतात, की ५ टक्के कामगार दिव्यांग असावेत म्हणून मालकांना प्रोत्साहन द्यावे. शिरूरमधल्या रांजणगावच्या आणि दौंडमधल्या कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींना हेच लागू. एकेकाळी दुष्काळी कामावर जाणाऱ्या या भागात आज रोजगार कारखान्याच्या फाटकाशी शोधला जातो, आणि तिथे दिव्यांगाच्या हाती मागण्याचा हक्क नाही.

राष्ट्रीय रोजगार हमीच्या मार्गदर्शक सूचनांनी पाणी देणे, मुले सांभाळणे, रोपांची निगा अशी कामे दिव्यांगांसाठी सुचवली. माणसाप्रमाणे काम बेतण्याची ही सुरुवात होती. पागेंच्या हमीचा अर्थ शेवटपर्यंत नेला, तर 'मागेल त्याला काम' यातला 'त्याला' हा शब्द कोणाच्याही शरीराची अट घालत नाही.