संहिता न वाचलेला लेखक

अनुकरण कोठे संपते आणि स्वतंत्र निर्मिती कोठे सुरू होते, हा साहित्याच्या वर्गातला जुना वाद आहे. त्याचे एक विलक्षण उत्तर संगणकाच्या इतिहासात सापडते, असे आम्हांस वाटते.

आयबीएमने १२ ऑगस्ट १९८१ रोजी आपला वैयक्तिक संगणक जाहीर केला. त्याचे झाकण उघडणाऱ्यास आत बरेचसे परकेच सामान दिसे. प्रोसेसर इंटेलचा, तर तो चालवणारी प्रणाली मायक्रोसॉफ्टची. कंपनीचा खास स्वतःचा म्हणावा असा ऐवज होता ‘बायोस’, अवघ्या ८ किलोबाइटांचा प्रोग्रॅम. यंत्र सुरू होताच तो जागा होई आणि कीबोर्ड, पडदा, डिस्क यांच्याशी इतर प्रोग्रॅमांचा व्यवहार घडवून आणी. नवल असे, की त्याची समग्र संहिता आयबीएमने आपल्या तांत्रिक पुस्तिकेत छापली होती. ती कोणीही वाचावी. उतरवून घेण्यास मात्र कॉपीराइटची आडकाठी होती.

ह्यूस्टन येथे १९८२ साली स्थापन झालेल्या कॉम्पॅकने यातून वाट काढली. तिने काम दोन गटांत वाटले. पहिल्या गटाने संहिता वाचून ती काय करते एवढेच टिपून ठेवले. मूळ संहिता कधीच न पाहिलेल्या दुसऱ्या गटाने केवळ त्या टिपणांवरून नवा बायोस लिहिला. कॉम्पॅकचा संगणक १९८३ मध्ये विक्रीस आला. पुढे १९८४ मध्ये फीनिक्सने याच रीतीने बायोस सिद्ध करून तो इतर उत्पादकांना विकला. त्याच वर्षी ईगल आणि कोरोना या कंपन्यांवर मात्र आयबीएमने नकलेचा दावा लावला.

कार्य सर्वांचे, शब्द ज्याचे त्याचे, असा हा निवाडा. आशय आणि अभिव्यक्ती अभिन्न असतात, असे आपण कवितेविषयी शिकवतो. येथे त्यांची फारकत करूनच निर्मिती झाली. साहित्यिकाला अशी सोय नाही. वाचलेले न वाचलेले करता येत नाही, आणि न वाचणारा लेखक आपल्याला नकोच असतो.

तरीही, समीक्षाग्रंथांतले परिच्छेदच्या परिच्छेद उतरवलेले निबंध तपासताना आम्हांस ते दोन गट आठवतात. आधी कृती उकलून ती काय करते ते आपल्या शब्दांत टिपावे, मग पुस्तक मिटून लिहावयास बसावे. कॉम्पॅकला त्यासाठी दोन गट लागले. आपण तेच एकट्या विद्यार्थ्याकडून अपेक्षितो. पण यांतले पहिले काम त्याला कधी शिकवतो का?