मुलांसाठी नसलेला, मुलांनीच जपलेला 'बॅटमॅन रिटर्न्स'

नाताळची रात्र, बाहेर हिमवर्षाव. गॉथम शहरातील एका श्रीमंत वाड्यात एक विद्रूप मूल जन्माला येते. त्याला पिंजऱ्यात ठेवले जाते. जवळून जाणारे घरातले मांजर ते मूल पिंजऱ्यात ओढून घेते. मग आई-वडील बाबागाडी घेऊन बाहेर पडतात, वाटेत भेटलेल्या जोडप्याला नाताळच्या शुभेच्छा देतात आणि पुलावरून ती गाडी ओढ्यात लोटून देतात. भुयारी गटारातून वाहत जाणाऱ्या त्या बाबागाडीवरच चित्रपटाची श्रेयनामावली सुरू होते. डॅनी एल्फमनच्या संगीतात मागे मुलांचे समूहस्वर ऐकू येतात.

टीम बर्टन दिग्दर्शित 'बॅटमॅन रिटर्न्स' १९ जून १९९२ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. अतिमानवी नायकाच्या चित्रपटाची सुरुवात टाकून दिलेल्या अर्भकाने व्हावी, हे त्या काळच्या प्रेक्षकाला अपेक्षित नव्हते. चित्रपट पाहून बाहेर पडलेल्या अनेक पालकांनी संताप व्यक्त केला, निर्मात्या कंपनीने दिग्दर्शक बदलला आणि मालिकेची दिशाच पालटली. मात्र त्या वेळी आठ-दहा वर्षांची असलेली मुले आज चाळिशी ओलांडून गेली आहेत आणि बालपणातला 'आपला' बॅटमॅन म्हणून त्यांच्यापैकी अनेकांना आठवतो तो हाच.

गॉथम : एका शहराची घडण

बॅटमॅन ही व्यक्तिरेखा १९३९ साली 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या २७व्या अंकात अवतरली. बॉब केन आणि बिल फिंगर हे तिचे जनक. १९६६ ते १९६८ या काळात अॅडम वेस्टची भूमिका असलेल्या दूरचित्रवाणी मालिकेने तिला भडक रंगांची, विनोदी छटा दिली. पुढे फ्रँक मिलरच्या 'द डार्क नाइट रिटर्न्स' या १९८६ मधील चित्रकथेने नायकाला पुन्हा काळोखात नेले आणि त्या पार्श्वभूमीवर बर्टनचा पहिला 'बॅटमॅन' १९८९ मध्ये आला. विनोदी भूमिकांसाठी परिचित असलेल्या मायकेल कीटनची निवड झाल्याने चाहत्यांनी निषेधाच्या पत्रांचा पाऊस पाडला होता. चित्रपटाने एकट्या अमेरिका-कॅनडात सुमारे २५ कोटी १० लाख डॉलरचा गल्ला जमवला आणि ती पत्रे विस्मरणात गेली. लंडनजवळील पाइनवुड स्टुडिओत अँटन फर्स्टने उभारलेल्या गॉथमला ऑस्कर मिळाले.

दुसऱ्या चित्रपटाच्या वेळी हे शहर नव्याने उभारले गेले. चित्रीकरण कॅलिफोर्नियात हलले आणि कलादिग्दर्शनाची सूत्रे बर्टनच्या 'एडवर्ड सिझरहँड्स'चा कलादिग्दर्शक बो वेल्श याच्याकडे आली. वेल्शचे गॉथम अधिक कोंदट आहे. चौकात राक्षसी आकाराचे दगडी पुतळे, त्यांच्या पायाशी मुंगीएवढी माणसे आणि वर आकाशाचा तुकडाही दिसू नये अशा इमारती. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरपासून युरोपातील हुकूमशाही राजवटींच्या वास्तुरचनेपर्यंत अनेक गोष्टींचे पडसाद त्यात उमटले आहेत. मूक चित्रपटांच्या काळातील जर्मन अभिव्यक्तिवादाचे ऋण तर उघडच आहे. चित्रपटातील वीजचोर उद्योगपतीचे नाव मॅक्स श्रेक ठेवले आहे. १९२२ च्या 'नोस्फेराटू'मध्ये रक्तपिपासू सरदार साकारणाऱ्या नटाचे नाव तेच होते.

'गॉथिक' हा शब्द मुंबईकराला नवा नाही. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या भिंतींवरील विचित्र प्राणिशिल्पे त्याने रोज पाहिलेली असतात. फोर्टमधील व्हिक्टोरियन गॉथिक आणि मरिन ड्राइव्हकडील आर्ट डेको या दोन्ही शैलींतील इमारतींच्या समूहाला २०१८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. याच दोन शैली एकमेकींवर रचून, त्यावर बर्फ टाकून आणि दिवे मालवून पाहिले तर बर्टनच्या गॉथमची कल्पना येते. फरक एवढाच की, मुंबईतील इमारती माणसांच्या वापरातल्या आहेत. गॉथमच्या इमारती माणसाला चिरडण्यासाठी बांधल्यासारख्या वाटतात.

तीन एकाकी जीव

या चित्रपटात बॅटमॅन दुय्यम आहे, अशी तक्रार तेव्हाही झाली होती आणि ती खोटी नाही. पटकथाकार डॅनियल वॉटर्सच्या सांगण्यानुसार कीटनने आपले बरेच संवाद स्वतःहून कमी करून घेतले. मुखवट्यामागचा माणूस फार बोलणार नाही, ही त्याची धारणा होती. प्रेक्षकाला तो प्रथम दिसतो तेव्हा अंधाऱ्या खोलीत एकटाच बसलेला असतो, आकाशात वटवाघळाची खूण उमटण्याची वाट पाहत.

मोकळी झालेली जागा पेंग्विन आणि कॅटवुमन व्यापतात. डॅनी डिव्हिटोचा ऑस्वल्ड कॉबलपॉट म्हणजेच पेंग्विन हा मूळ चित्रकथेतील उंच टोपीचा, छत्री घेतलेला सभ्य गुन्हेगार नाही. जोडलेल्या बोटांचे पंजे, पांढरीफटक कातडी, कच्चे मासे खाणारे तोंड आणि त्यातून ओघळणारी काळी लाळ असे त्याचे रूप आहे. ती लाळ म्हणजे गुळण्या करण्याचे औषधी द्रव आणि खाण्याचा रंग यांचे मिश्रण होते, असे डिव्हिटोने नंतर सांगितले. या रंगभूषेला ऑस्करचे नामांकन मिळाले. पेंग्विनची योजनाही त्याच्या जन्मकथेशी जोडलेली आहे. शहरातील प्रतिष्ठित घराण्यांचे पहिले मुलगे पळवून त्यांना बुडवायचे. जे आपल्या वाट्याला आले ते सर्वांच्या वाट्याला यावे, एवढाच त्याचा हिशेब.

मिशेल फायफरने साकारलेली सेलिना काइल ही श्रेकची दबलेली सचिव. मालकाचे गुपित कळल्यामुळे तो तिला खिडकीतून खाली ढकलतो. भटकी मांजरे तिच्याभोवती जमतात आणि ती उठून बसते. त्यानंतरचा प्रसंग पाहिलेले मूल तो सहसा विसरत नाही. गुलाबी रंगाच्या, बाहुल्यांनी भरलेल्या घरात ती सारे उद्ध्वस्त करत सुटते. भिंतीवर निऑन दिव्यांत स्वागताचे दोन शब्द असतात. तिने दोन अक्षरे फोडल्यावर उरलेल्यांचा अर्थ होतो, 'नरक येथे आहे'. मग ती काळा चकचकीत कोट फाडून स्वतःसाठी पोशाख शिवायला बसते. त्यावरचे पांढरे टाके शेवटपर्यंत दिसत राहतात. जसजशी कथा पुढे जाते, तसतसा तो पोशाख फाटत जातो. या एका कल्पनेत वेशभूषाकारांनी जे सांगितले ते पानभर संवादांना साधले नसते.

आई-वडिलांचा खून झालेला ब्रूस वेन, आई-वडिलांनी टाकलेला ऑस्वल्ड आणि घरी परतल्यावर टेलिफोनवरच्या ध्वनिमुद्रित निरोपांशिवाय सोबत नसलेली सेलिना. तिघांनाही घर नाही. लहान मुलाला राजकीय उपहास कळत नाही, पेंग्विनने महापौरपदाची निवडणूक लढवण्याचा भाग तर मोठ्यांनाही रेंगाळलेला वाटतो. पण आपल्याला कोणी टाकून देईल काय, ही भीती समजण्यासाठी मुलाला वय लागत नाही. मुलांच्या करमणुकीत ही भीती बहुधा शेवटच्या पाच मिनिटांत दूर केली जाते. येथे ती दूर होत नाही. खलनायक मरतो आणि त्याला पाण्यापर्यंत पोहोचवायला फक्त सहा मोठे पेंग्विन येतात. तोवर ज्याची किळस येत होती, त्याच्यासाठी घशात आवंढा येतो. अनेक मुलांसाठी पडद्यावरच्या खलनायकाबद्दल वाईट वाटण्याचा तो पहिला अनुभव असावा.

खेळण्यांचा डबा आणि काळी लाळ

वाद पेटला तो मात्र एका खाद्यपदार्थाच्या डब्यावरून. मॅक्डोनाल्ड्सने या चित्रपटाच्या निमित्ताने लहान मुलांच्या 'हॅपी मील'सोबत बॅटमॅनची खेळणी दिली होती. चित्रपटाचे प्रमाणपत्र 'पीजी-१३' होते. १९८४ मध्ये सुरू झालेल्या या श्रेणीचा अर्थ, तेरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांनी विशेष सावध राहावे. जेवणाच्या डब्यातले खेळणे मात्र पाच वर्षांच्या मुलाच्या हातात जात होते. तेच खेळणे दाखवून मुलाने चित्रपटाचा हट्ट धरला आणि पालक त्याला घेऊन गेले, तर पडद्यावर त्याला दिसे ते काय? पेंग्विन एका माणसाच्या नाकाचा चावा घेतो आणि रक्त उडते. स्वतः बॅटमॅन एका दांडगटाच्या अंगाला स्फोटके अडकवून हसतो. पालकांचा राग अवास्तव नव्हता.

दोष चित्रपटाचा होता की विक्रीचा, हा प्रश्न त्या गदारोळात मागे पडला. बर्टनने आपला चित्रपट लपवला नव्हता. त्याच्या पहिल्या पाच मिनिटांतच सारे उघड होते. खोटे बोलत होती ती खेळणी. केनर कंपनीने बाजारात आणलेली पेंग्विनची बाहुली तर तिच्याच जुन्या 'सुपर पॉवर्स' मालिकेतील साच्यातून काढलेली होती. उंच टोपीचा, गोंडस, चित्रकथेतला पेंग्विन. डिव्हिटोशी तिचे काहीच साम्य नव्हते. भारतात मॅक्डोनाल्ड्सचे पहिले उपाहारगृह १९९६ मध्ये सुरू झाले, त्यामुळे येथे ज्यांनी हा चित्रपट पाहिला त्यांच्यापर्यंत तो निदान या डब्याशिवाय पोहोचला.

पहिल्या तीन दिवसांत चित्रपटाने ४ कोटी ५७ लाख डॉलर मिळवून तेव्हाचा विक्रम मोडला. पुढच्याच आठवड्याच्या अखेरीस उत्पन्न ४० टक्क्यांहून अधिक घसरले. अमेरिका-कॅनडातील एकूण उत्पन्न सुमारे १६ कोटी ३० लाख डॉलरवर थांबले, म्हणजे पहिल्या भागाच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास. तोटा झाला नव्हता, पण वॉर्नर ब्रदर्सला खेळण्यांचे आणि जाहिरातींचे भागीदार नाराज करायचे नव्हते. पेंग्विनच्या तोंडातील काळ्या द्रवावरून मॅक्डोनाल्ड्स अस्वस्थ होते, असे बर्टनने पुढे उपरोधाने सांगितले आहे. तिसऱ्या चित्रपटासाठी तो केवळ निर्माता म्हणून उरला आणि दिग्दर्शन जोएल शुमाकरकडे गेले. कीटननेही भूमिका सोडली. ती व्हॅल किल्मरकडे आली. रंगीबेरंगी 'बॅटमॅन फॉरेव्हर'ने १९९५ मध्ये 'रिटर्न्स'पेक्षा अधिक कमाई केली. त्याच वाटेने गेलेला १९९७ चा 'बॅटमॅन अँड रॉबिन' मात्र असा कोसळला की, पुढचा बॅटमॅन पडद्यावर यायला २००५ उजाडले.

गंमत म्हणजे, समोरच्या दाराने बाहेर काढलेला काळोख खिडकीतून मुलांच्या खोलीत आलाच होता. सप्टेंबर १९९२ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली 'बॅटमॅन : द अॅनिमेटेड सीरिज' ही मालिका शाळा सुटल्यानंतरच्या वेळेत लागत असे. तिची पार्श्वचित्रे पांढऱ्याऐवजी काळ्या कागदावर रंगवलेली होती. शीर्षकसंगीत एल्फमनचे होते आणि पेंग्विनला डिव्हिटोसारखेच जोडलेल्या बोटांचे पंजे होते. त्याविरुद्ध फारसा आवाज उठला नाही.

आठवणीचा व्यापार

चित्रपट व्यवसायाला या स्मरणरंजनाची किंमत उशिरा कळली. पहिल्या 'बॅटमॅन'चा सहपटकथाकार सॅम हॅमने २०२१ पासून 'बॅटमॅन ८९' या चित्रकथेतून बर्टनच्या गॉथमची गोष्ट पुढे नेली. २०२३ च्या 'द फ्लॅश'मध्ये सत्तरीच्या उंबरठ्यावरचा कीटन पुन्हा तोच काळा पोशाख घालून उभा राहिला. जाहिरातींत नायकाइतकेच महत्त्व त्याला होते. चित्रपटाचे जगभरातील उत्पन्न सुमारे २७ कोटी डॉलर झाले. एकतीस वर्षांपूर्वी 'रिटर्न्स'ने जवळपास तितकेच, सुमारे २६ कोटी ७० लाख डॉलर मिळवले होते आणि तेही तेव्हाच्या तिकीटदरात. पोशाख परत आणला, नट परत आणला, जुने संगीतही वाजवले. पण ते शहर काही त्यात नव्हते. प्रेक्षक ज्याच्यासाठी हळवा झाला होता तो कीटन होता हे खरे, मात्र बर्फाने झाकलेल्या रिकाम्या चौकात उभा असलेला कीटन.

आठवणही विश्वासू साक्षीदार नसते. या पिढीतील बहुतेकांनी हा चित्रपट घरच्या दूरचित्रवाणी संचावर, चित्रफितीवरून किंवा वाहिन्यांवरून पाहिला. त्या फितींत काळ्या रंगाच्या छटा एकमेकींत मिसळून जात, त्यामुळे स्मरणातला 'बॅटमॅन रिटर्न्स' मूळ चित्रपटापेक्षाही अधिक काळोखा आहे. २०१९ मध्ये तो ४के स्वरूपात नव्याने उपलब्ध झाला. त्यात सेलिनाच्या घराचा गुलाबी रंग, सर्कसच्या टोळीचे लालभडक कपडे आणि पेंग्विन ज्यात बसून बंद पडलेल्या प्राणिसंग्रहालयातील हिरवट पाण्यावर फिरतो, ते पिवळेधमक बदकाचे वाहन, सारे स्वच्छ दिसते.